कडव्याआधीचा श्वास

घड्याळजींनी तिसऱ्यांदा स्पीकर परत नेले, तेव्हा दुकानदाराने त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

"आता काय झालं, काका?"

"श्वास ऐकू येत नाही."

"कुणाचा?"

"गाणाऱ्या बाईचा. किती वेळा सांगू?"

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हालाही वाटेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. घड्याळजींच्या घरी गाण्याची एक जुनी रेकॉर्ड होती. बायको कपडे शिवायची, आणि दुसरं कडवं आलं की मशीनवरचे पाय थांबवायची. "आत्ता बघा हं, कशी श्वास घेते! ऐकलात?" घड्याळजी तिच्याकडे पाठ करून, कुणाच्या तरी बंद घड्याळात डोकं खुपसून बसलेले. "श्वास कसला ऐकतेस? गाणं ऐक की! आणि या खोक्यांतून काय डोंबल ऐकू येणार? चांगले स्पीकर घेईन, तेव्हा बघू." त्यावर ती म्हणायची, "घ्या हो, मी गेल्यावर घ्या. ठेवायला जागा तरी होईल."

तीस वर्षं हे असंच चाललं. आठ महिन्यांपूर्वी ती खरंच गेली. तेव्हापासून घड्याळजींना घर खायला उठायचं. तिने एवढ्यांदा सांगितलेला तो एक श्वास आपण एकदाही ऐकला नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. म्हणून रेकॉर्ड काखेत मारून ते स्पीकरच्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या मऊ सोफ्यावर बसले आणि पहिल्याच जोडीत तो श्वास अगदी कानाशी ऐकू आला. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गिऱ्हाईक पटलं, हे दुकानदाराने ओळखलं.

घरी मात्र स्पीकर ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे तिची कापडाची गाठोडी.

"बाबा, माळ्यावर टाकू का?" सुनेने विचारलं.

"शिवणाच्या क्लासला देऊन टाक. तीच म्हणायची ना, जागा होईल म्हणून!"

गाठोडी गेली, स्पीकर लागले, आणि बादलीत तोंड घालून गावं तसा आवाज निघाला. श्वास गायब. "स्पीकर लहान पडले असणार," दुकानदाराने निदान केलं. मग मोठे आले. त्यांच्यासाठी तिचं कपड्यांचं कपाट गेलं. पडद्यांत आवाज अडतो, अशी घड्याळजींनी स्वतःच समजूत करून घेतली आणि पडदेही उतरवले. आवाज आणखी बिघडला. मग माणसाएवढे स्पीकर आले.

"बाबा, मशीन तरी राहू द्या," सून म्हणाली.

"अगं, मध्ये येतंय ते."

मशीन उचलून नेलं, तेव्हा घड्याळजी मुद्दाम पाठ करून बसले होते. त्यानंतर खोलीत कुणी खोकलं तरी चारही भिंती खोकायला लागल्या.

"आता मीच घरी येऊन बघतो," दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला.

तो आला, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने एक टाळी वाजवली. टाळी बराच वेळ फिरत राहिली.

"काका, ही खोली आहे की पाण्याची टाकी? माझ्या दुकानात भिंतीभर गाद्या लावल्यात. आवाज नीट यायला कापड लागतं हो. इथं आधी काहीच नव्हतं?"

"होतं की," सून हळूच म्हणाली. "कापडच होतं सगळं."

घड्याळजी मटकन खुर्चीत बसले. अरे देवा! एक श्वास ऐकण्यासाठी त्यांनी तिला हातभर हातभर करून घराबाहेर काढलं होतं.

दुकानदार मनाने भला होता. त्याने जुने स्पीकर पुसून फळीवर लावले, टेप घेऊन मापं काढली आणि एका जागी पाय रोवला. "ऐकायला बसायचं ते इथं. दुसरीकडे कुठेही नाही."

त्याच्या पायाशी फरशीवर गंजाचे चार डाग होते. मशीनच्या पायांचे.

सुनेने माळ्यावरून एक गाठोडं ओढून काढलं. त्यात नुसतं कातरण होतं, म्हणून क्लासवाल्यांनी नको म्हटलेलं. मग घरातल्या गाद्या आल्या, रजया आल्या. स्पीकर विकायला निघालेला बिचारा दुकानदार गाद्या भिंतीला टेकवता टेकवता घामाघूम झाला. सगळं लागल्यावर घड्याळजी त्या डागांपाशी तिचं शिवणाचं स्टूल ठेवून त्यावर बसले आणि सुनेने रेकॉर्ड लावली.

पहिलं कडवं संपलं. दुसऱ्याच्या आधी त्या बाईने श्वास घेतला. लहानसा, घाईतला. त्याच जुन्या खोक्यांतून.

"ऐकला गं," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी मान वर केली. समोर त्यांचीच खुर्ची होती, पाठ करून ठेवलेली. तीस वर्षं तिला या स्टुलावरून हेच दिसत होतं.

गाणं संपलं. "बाबा, पुन्हा लावू?" सुनेने विचारलं.

"थांब जरा."

ते उठले आणि त्यांनी खुर्ची स्टुलाकडे तोंड करून फिरवून ठेवली. मग परत स्टुलावर येऊन बसले.

"हं. आता लाव."