चेनच्या ट्रॅक्टरचे प्रयोजन

प्रत्येक अर्जात एक रकाना असतो, 'प्रयोजन'. नाव, वय, राहणार, आणि मग प्रयोजन. तुम्ही कोण आहात यात सरकारला फारसा रस नसतो, पण तुम्हाला ती वस्तू कशाला हवी हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. गेली बावीस वर्षं मी या फाटकासमोर टेबल टाकून तो रकाना भरतो आहे. कार्यालयाचं नाव सांगणार नाही, त्यांच्याच भिंतीच्या सावलीत बसतो. लोक मला मास्तर म्हणतात. शाळेत मी दोनच महिने होतो, तेही बदलीवर, पण भिवंडीत माणूस एकदा मास्तर झाला की मरेपर्यंत सुटत नाही.

बसा. आतले साहेब जेवायला गेलेत, चारशिवाय येत नाहीत. तुमचा अर्ज लिहितोच आहे. तोवर दौलत ओव्हाळची हकीकत ऐका.

दौलत खारबावचा. निजामपुऱ्यात एका शेठकडे लूमचा फिटर. सहा दिवस शिफ्ट, शुक्रवारी सुट्टी. सुट्टीला आपली माणसं काय करतात? अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसतात, पत्ते कुटतात, नाहीतर मेव्हण्याशी भांडतात. हा गडी खाडीवर जायचा आणि चिखलात रुतलेल्या एका लोखंडी धुडाकडे बघत बसायचा.

ते धूड म्हणजे चेनचा ट्रॅक्टर. त्याला चाकं नाहीत. दोन बाजूंना लोखंडी साखळ्यांचे पट्टे, त्यांवर तो रणगाड्यासारखा सरकतो. महायुद्धानंतर अमेरिकनांनी मागे टाकलेला, मग खाडीचं खारं पाणी अडवायला सरकारने खारजमिनीचा बांध घातला, त्यासाठी आणलेला. बांध झाला, योजना संपली, ट्रॅक्टर तिथेच राहिला. तीस वर्षं त्याच्यावर शेळ्या चढत होत्या. सत्त्याऐंशी साली सरकारने तो भंगारात काढला. भंगारवालेसुद्धा चिखल बघून माघारी गेले. एकट्या दौलतने बोली लावली आणि ती मंजूर झाली. पावतीवर लिहिलं होतं, 'निरुपयोगी लोखंड, नग एक.'

पावती घरी नेल्यावर आईने ती मोठ्याने वाचून घेतली. राहीबाईची ही रीतच. तिला स्वतःला अक्षर येत नाही, पण घरात येणारा आणि घरातून जाणारा प्रत्येक कागद तिला वाचून दाखवावा लागतो, मग ते विजेचं बिल असो की लग्नपत्रिका. त्यांच्या घराण्यात लिहायला शिकलेला पहिला माणूस दौलत. शाळेत घालताना तिने त्याला बजावलं होतं, "लिवाया शिक, पन खोटं लिवायचं न्हाय. आपल्यावर लोकांनी लई खोटं लिवलंय."

याच राहीबाईने तरुणपणी त्या बांधावर चिखलाच्या पाट्या वाहिल्या होत्या. दुसऱ्या वर्षी हा ट्रॅक्टर आला, आणि तिच्या डोक्यावरची पाटी उतरली. तेव्हापासून ती त्याला दादा म्हणते. मुकादमाने जे केलं नाही ते दादाने केलं, असं तिचं म्हणणं. लेकाने हे ऐकतच लहानपण काढलं, मग दुसरं काय होणार?

सहा वर्षं तो त्यात राबला. धूड चिखलातून वर काढायलाच एक उन्हाळा गेला. पट्ट्यांच्या पिना निजामपुऱ्यातल्या लेथवर घडवून घेतल्या, गंजून धरलेले पिस्टन डिझेलमध्ये भिजवून भिजवून सोडवले. त्याला सुरू करायची तऱ्हाही न्यारी. मोठं डिझेल इंजिन आपण होऊन उठत नाही. त्याच्या अंगाला एक छोटं पेट्रोलचं इंजिन असतं. दोरी ओढून आधी ते चालू करायचं, मग ते मोठ्याला फिरवून फिरवून जागं करतं. आमच्या साहेबांना उठवायला शिपाई लागतो, तसंच. त्र्याण्णवच्या दसऱ्यानंतर एका शुक्रवारी दादा उठला. राहीबाई सीटवर बसून बांधापर्यंत जाऊन आली.

बस, एवढंच. त्याने त्यावर नांगरलं नाही, माती ओढली नाही, भाड्याने दिला नाही. दर शुक्रवारी पुसायचं, तेल द्यायचं, आईला बसवून एक फेरी मारायची आणि ताडपत्री घालायची. याला तो छंद म्हणायचा. त्याची बायको कौसल्या याला सवत म्हणायची, पण पिनांना ग्रीस तीच लावायची.

आता केसरीनाथ येतो. खारबावचा मोठा जमीनवाला. बोटांत अंगठ्या चार, रस्त्याला गोदामं सहा. भाताची शेतं बुजवून त्याने ती बांधली, कागदावर मात्र शेतं अजून भात पिकवतात. ते कागद मीच लिहिलेत, त्यात लाजायचं काय? त्याला खाडीकडचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी दलदल, भरून आणखी दोन गोदामं काढायची होती, आणि चिखलात न फसणारं यंत्र डोळ्यांसमोर उभं होतं. त्याने भाडं विचारलं. दौलतने सांगितलं, हा भरावासाठी नाही, आवडीसाठी ठेवलाय. केसरीनाथला राग आला नाही, त्याला ते समजलंच नाही. समोरचा नाही म्हणाला की भाव वाढवायचा, एवढीच विद्या त्याला ठाऊक. तिसऱ्यांदा नाही ऐकल्यावर तो माझ्याकडे आला, आणि मी तक्रार लिहिली. विनापरवाना यंत्र, धूर, कर्कश आवाज, सार्वजनिक भीती. सार्वजनिक भीती माझ्या पदरची. छान बसली होती.

महिन्याभरात दौलतला नोटीस आली: 'सदर यंत्र बाळगण्याचे प्रयोजन पंधरा दिवसांत लेखी कळवावे.' ती घेऊन तो माझ्याकडेच आला. दुसरा जाणार कुठे? भिवंडीत तक्रार आणि तिचं उत्तर एकाच पेनातून निघतं.

"शेती लिहितो," मी म्हटलं.

"मास्तर, माझ्याकडं शेती न्हाय."

"केसरीनाथकडे तरी कुठं उरलीय?"

"त्याला घरी आईला वाचून दाखवावं लागत न्हाय. तुम्ही छंद लिव्हा."

मी त्याला परोपरीने सांगितलं की बाबा रे, छंद ही गोष्ट माणसाला असते, अर्जदाराला नसते. ऐकेना. शेवटी लिहिलं छंद. बावीस वर्षांत त्या रकान्यात मी लिहिलेला तो पहिला खरा शब्द असेल, आणि अक्षरही वेडंवाकडं आलं.

आत अव्वल कारकून तुळशीरामभाऊ. सज्जन माणूस, नियमाबाहेर कुणाचं भलं करत नाही आणि नियमात कुणाचं भलं बसत नाही. त्यांनी परिपत्रक काढलं. यंत्राची मान्य प्रयोजनं चौदा, त्यांत छंद नाही. पुष्कळ शोधून त्यांनी त्यातल्या त्यात जवळचं काढलं: करमणूक. मग करमणुकीचा निरीक्षक खारबावला गेला आणि त्याने विचारलं, प्रेक्षक किती? दौलतने खरं ते सांगितलं, एक, माझी आई. अहवाल आला: 'सदर ठिकाणी दर शुक्रवारी एका प्रेक्षकासमोर खेळ होतो. प्रेक्षकाकडून तिकीट घेतले जात नाही. सबब करचुकवेगिरीचा संशय बळावतो.' सत्तरीला आलेल्या राहीबाईला कार्यालयात बोलावून, तिकीट का काढलं नाही, याचा जबाब घेतला. तिने तोही वाचून घेतला आणि मगच अंगठा दिला.

जबाब समाधानकारक न वाटल्यामुळे पाच जणांची समिती जीपमधून खारबावला आली. दौलतला वाटलं, यंत्र बघितलं की सगळं मिटेल. त्याने दोरी ओढली, छोटं इंजिन लागलं, मोठं उठलं. समिती खूश झाली. दोन सदस्य सीटवर बसून आले, एकाने सासऱ्याला दाखवायला फोटो काढला. कौसल्येच्या हातचा चहा पिऊन पंचनामा केला, 'यंत्र उत्तम चालू स्थितीत.' त्या चार शब्दांनी दौलतचा गळा कापला.

पुढचं पत्र मला तोंडपाठ आहे. 'आपण सन १९८७ मध्ये निरुपयोगी लोखंड खरेदी केले होते. पंचनाम्यात आढळलेले यंत्र उपयोगी आहे. सबब ते आपण खरेदी केलेले नसून शासनाचे आहे व ते जमा करावे. तसेच आपण खरेदी केलेले निरुपयोगी लोखंड आपल्या ताब्यात आढळले नाही. ते कोठे नाहीसे केले, याचा खुलासा सात दिवसांत करावा.'

दौलत ते पत्र माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. मी अक्कल सांगितली. छोटं इंजिन काढून घरात लपव, यंत्र बंद पडलं म्हणून लिहून देऊ. बंद पडलं की ते भंगार, आणि भंगार तुझंच. तुळशीरामभाऊंनीच हा मार्ग मला सुचवला होता, भला माणूस.

दौलत म्हणाला, "चालतोय तो. न्हाय चालत म्हणून आईला कसं वाचून दाखवू?"

"मग जाईल तुझ्या हातचा."

"जाईल," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला. मला त्याचा संताप आला. माणसाला इतकं खरं वागायचं असेल तर त्याने लूम सांभाळावी, ट्रॅक्टरच्या नादी लागू नये.

ट्रॅक्टर जमा करायचा, पण चालवणार कोण? खात्यात तो सुरू करता येणारा एकही माणूस नव्हता. तेव्हा दौलतलाच पत्र गेलं आणि त्याने स्वतः तो खारबावहून भिवंडीला आणला, गोगलगायीच्या चालीने, सकाळपासून दुपारपर्यंत. राहीबाई शेजारी बसली होती. पोचल्यावर त्याला दोन कागद मिळाले. एक यंत्राची पोच. दुसरी, शासकीय यंत्र अनधिकृत व्यक्तीने चालवून रस्त्याची हानी केल्याबद्दल नोटीस. ही दुसरी पुढे निकाली निघाली, कारण आपल्या रस्त्यावर पट्ट्यांनी पडलेले खड्डे कोणते आणि मूळचे कोणते, हे अभियंत्याला सांगता येईना.

ट्रॅक्टर या इथेच उभा होता, त्या पिंपळाखाली. तीन पावसाळे खाल्ले त्याने. आधी डिझेलची टाकी गेली, मग सीट, मग तांब्याच्या नळ्या. दौलत शुक्रवारी यायचा, फाटकाबाहेर उभा राहून बघायचा. एकदा तेलाचा डबा घेऊन आत जाऊ लागला, तर शिपायाने शासकीय मालमत्तेस हात लावल्याची ताकीद दिली. घरी राहीबाई दर शुक्रवारी विचारायची, दादा कसा हाय? तो सांगायचा, गंजतोय. तिथेही खोटं बोलला नाही.

शहाण्णव साली तो पुन्हा भंगारात निघाला. या वेळी नवी अट होती, आणि ती दौलतमुळेच आली होती. घेणाऱ्याने प्रयोजन लिहून हमीपत्र द्यायचं, की यंत्र पुन्हा चालू होणार नाही अशा रीतीने तोडण्यासाठीच घेत आहे. शिवाय साक्षीला घरातल्या एका मोठ्या माणसाची सही किंवा अंगठा. दौलत आला, या स्टुलावर बसला, तुम्ही बसलात तिथेच. मी पेन उघडलं आणि मुद्दाम काहीच सुचवलं नाही.

पिंपळाखालच्या गंजक्या धुडाकडे बघत तो म्हणाला, "आईचे किती शुक्रवार उरलेत, मास्तर? लिव्हा. तोडणे."

मी लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

अंगठ्यासाठी मी त्याच्याबरोबर खारबावला गेलो. राहीबाई दारात बसली होती. शाईची डबी पुढे केली, तर तिने हात मागे घेतला. "आदी वाच. काय लिवलंय?"

दौलतने कागद डोळ्यांसमोर धरला. नाव वाचलं, वय वाचलं, राहणार वाचलं. मग थांबला. कौसल्या चुलीपाशी होती, तिचाही हात थांबला. दौलतने वाचलं, "प्रयोजन, छंद."

म्हातारी हसली. म्हणाली, शेवटी सरकारने तुझं खरं मानलं बघ. आणि 'तोडणे' या शब्दाच्या खाली तिने अंगठा उमटवला, चांगला ठसठशीत. मी कसले कसले कागद लिहिलेत, पण तिथे मान वर करवेना. वाईट वाटलं, सरळ सांगतो.

ट्रॅक्टर आता खारबावला आहे. वर्षभर खपून दौलतने तो पुन्हा उठवला. कागदावर तो तोडलेला आहे, त्यामुळे त्याला कोणीही त्रास देत नाही. नोटीस नाही, समिती नाही. केसरीनाथने तोवर दुसऱ्या यंत्राने खाजण भरून घेतलं. दर शुक्रवारी राहीबाई सीटवर बसते, दौलत फेरी मारतो. पूर्वी तो आईशी बोलत बोलत चालवायचा. हल्ली सगळं लक्ष पट्ट्यांकडे असतं. कागद वाचायचं काम त्याने कौसल्येकडे दिलंय, चष्मा लागला म्हणून. चष्मा मी तरी अजून त्याच्या नाकावर पाहिला नाही.

असो. साहेबांची जीप आली बघा. तुमचा अर्ज तयार आहे. खारबाव रस्त्याची दीड एकर, गोदामाचा पाया भरून झालाय, भिंत खिडकीच्या उंचीपर्यंत आलीय, सगळं बघितलंय मी. प्रयोजन, शेती. बरोबर ना? मान हलवलीत, छान.

वाचून दाखवू? नको म्हणता. कोणीच म्हणत नाही. ही घ्या शाई, आणि इथे करा सही.