लिफ्ट अडकल्यास काय करावे? संपूर्ण माहिती

जे पहिल्या पानावर सापडत नाही ते जगात नसतं, हे आता सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांना मान्य झालेलं आहे. पूर्वी वस्तू आधी असायची आणि मग सापडायची. आता आधी सापडावं लागतं, मग असता येतं. ही गोष्ट अशाच एका सापडण्याची, आणि त्यापायी लिफ्टमध्ये अडकलेल्या एका जावयाची व त्याच्या सासऱ्यांची आहे. ते दोघे बाहेर कसे आले, हे शेवटी सविस्तर दिलं आहे.

जावयाचा धंदा लोकांच्या वेबसाइट वर चढवण्याचा. म्हणजे असं, की माणसं सर्च इंजिनात काहीबाही टाइप करतात आणि इंजिन त्यांच्यापुढे उत्तरांची पानंच्या पानं टाकतं. त्यातल्या पहिल्या पानावर आपल्या गिऱ्हाइकाला नेऊन बसवायचं, एवढंच काम. (दुसरं पान कोणी उघडत नाही. ते कशाला ठेवलंय, हे बहुधा इंजिनालाही आठवत नसावं.) घर दोन खोल्यांचं, त्यामुळे ऑफिस जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जेवण होतं.

या धंद्यातली मेख अशी, की इंजिनाला काय आवडतं हे इंजिन सांगत नाही. ते फक्त रुसतं. काल पहिल्या पानावर असलेला भला माणूस आज उठून बघतो तर सातव्या पानावर. का? उत्तर नाही. अर्ज कुठे करायचा? सोय नाही. अशा मालकाची मर्जी सांभाळायची तर निरीक्षणशक्ती दांडगी लागते, आणि जावयाची ती होतीच. एकदा एका दंतवैद्याच्या पानावरचं बटण त्याने निळ्याचं हिरवं केलं आणि दुसऱ्या दिवशी दंतवैद्य वर आला. तेव्हापासून त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची बटणं हिरवी. हिरव्या बटणाचे तीन जण पुढे खाली घसरले, पण त्यांचा हिरवा वेगळा होता, असं बारकाईने पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं.

सासरे लिफ्टमिस्त्री होते. गल्लीत त्यांचं वर्कशॉप, मागे एक खोली, खोलीत खाट. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हापासून ते, खाट आणि लिफ्टच्या मोटरी असा तिघांचा संसार मजेत चालला होता. मग हळूहळू फोन वाजायचा कमी झाला. इंजिनात शोधलं तर सासरे सातव्या पानावर निघाले, आणि नावापुढे लिहिलेलं होतं, ‘कायमचं बंद’. कोणी तरी गिऱ्हाईक कधी तरी दुपारी जेवणाच्या वेळेला आलं असणार आणि तसं कळवून मोकळं झालं असणार. आता लोक वर्कशॉपच्या उघड्या दारात उभे राहून फोनवर बघायचे आणि चुकचुकायचे. एक बाई तर आत येऊन सासऱ्यांनाच म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही बंद झालात हो. फार वाईट वाटलं.’’

हे जावयाच्या बायकोच्या कानावर गेलं. तिने टेबलाच्या जेवणाच्या टोकाकडून ऑफिसकडे पाहिलं.

‘‘वर्कशॉप बंद पडलं तर बाबा तिथे एकटे काय करतील? मी त्यांना इकडे घेऊन येणार. आधीच सांगून ठेवते.’’

जावयाने घाईघाईने विचार केला. सासरे माणूस लाखमोलाचा, त्याबद्दल वाद नाही. पण लाखमोलाचा माणूस आपल्या जागी बरा. मागल्या खेपेला दोन दिवसांसाठी आले, तर कपडे धुण्याचं मशीन ‘जरा आवाज ऐकतो’ म्हणून उघडून बसले. त्या आवाजाचा शोध मशीनच्या आत लागला नाही, म्हणून मग मिक्सर उघडला. उरलेला वेळ ते जावयाच्या खुर्चीमागे उभं राहून विचारायचे, ‘‘काम चालू आहे, की नुसतं बघताय?’’ दोन खोल्या, एक टेबल आणि मानेमागे जन्मभर हा प्रश्न. जावई त्याच रात्री जेवण अर्धवट टाकून कामाला लागला. सासऱ्यांना पहिल्या पानावर चढवायचं, म्हणजे ते आपल्या खाटेवर सुखी आणि आपण आपल्या टेबलावर सुखी.

यश लगेच आलं. चार दिवसांत सासरे पहिल्या पानावर, तेही पहिल्या नंबरवर. जावयाने फोन बायकोच्या नाकासमोर धरला. तिने स्वतःच्या फोनवर पाहिलं, तर सासरे सातव्यातून आठव्यावर गेलेले. झालं होतं एवढंच, की जावई दिवसातून शंभरदा त्यांनाच शोधायचा, म्हणून इंजिनाने ठरवलं की या गृहस्थाला दुसऱ्या कोणात रस नाही, याला हेच दाखवा. (प्रत्येक माणूस आपल्या स्वतःच्या फोनवर पहिला असतो. जगात शांतता नांदते ती यामुळेच.)

मग जावयाने खऱ्या शास्त्राला हात घातला. सासऱ्यांच्या वेबसाइटच्या पानावर सगळ्यात वर, ठळक, हातभर आकड्यांत फोन नंबर होता. तो त्याने उचलला आणि पार तळाला नेऊन ठेवला.

‘‘जावईबापू, माणूस आत अडकलेला असतो हो,’’ सासरे म्हणाले. ‘‘त्याला नंबर नको का?’’

‘‘नंबर मिळाला की तो जातो, बाबा.’’

‘‘जाऊ दे की! मी येतो ना सोडवायला.’’

‘‘तो पानावरून जातो. आला, नंबर घेतला, गेला. इंजिन म्हणतं, लगेच गेला म्हणजे याला काही आवडलेलं नाही. पण जो थांबतो, वर जातो, खाली येतो, परत वर जातो, तो समाधानी.’’

सासऱ्यांनी हातातला पाना खाली ठेवला. ‘‘म्हणजे अडकलेलाच बरा?’’

‘‘इंजिनाच्या दृष्टीने, हो.’’

त्याप्रमाणे नवीन पान तयार झालं. ‘लिफ्ट अडकली आहे? काळजी करू नका!’ इथून सुरुवात. मग लिफ्ट म्हणजे काय. मग माणसाला वर का जावंसं वाटतं. मग जिन्याचा उगम, जिन्याचे प्रकार, जिन्याच्या मर्यादा. मग सासऱ्यांचं बालपण. मग लिफ्टचा दरवाजा: एक चिंतन. मग हिरवं बटण, जे दाबल्यावर माणूस परत वर जायचा. आणि मग, ज्याच्या फोनची बॅटरी आणि आयुष्य दोन्ही शिल्लक असेल त्याच्यासाठी, नंबर.

इंजिन खूश झालं. ‘कायमचं बंद’ गेलं, सासरे तिसऱ्या पानावर आले, दुसऱ्यावर आले, आणि एका मंगळवारी थेट पहिल्यावर. त्या दिवशी पानावर सासऱ्यांचा तपकिरी स्वेटरातला फोटो लावला होता. जावयाने ही गोष्ट नजरेतून सुटू दिली नाही. पुढे भर उन्हाळ्यात, अंगाची लाही लाही होत असताना, सासऱ्यांचे जेवढे फोटो निघाले ते सगळे तपकिरी स्वेटरात निघाले.

पण पहिल्या पानावर एकटेच सासरे कुठे होते? खाली नऊ जागा परक्यांच्या ताब्यात. मग जावयाने एकामागून एक लेख सोडले. ‘लिफ्ट का अडकते?’ ‘लिफ्ट अडकल्यावर घाबरावे का?’ ‘घाबरून झाल्यावर काय करावे?’ ‘अडकलेल्या अनोळखी माणसाशी कोणत्या विषयावर बोलावे?’ ‘लिफ्टमिस्त्रीचा स्वभाव कसा ओळखावा?’ बघता बघता दहाच्या दहा जागांवर सासरेच सासरे झाले. गावातले बाकीचे मिस्त्री दुसऱ्या पानावर गेले, म्हणजे वारलेच म्हणायचे. त्यातले एकदोघे हाताला फार चांगले होते असं ऐकिवात आहे, पण शोधलं तर पुरावा सापडत नाही.

आता फोन किती वाजायला लागला, असं कोणीही विचारेल. फोन वाजायचा पूर्ण बंद झाला. आधी दिवसाआड एखादा तरी यायचा, तोही गेला. पण वाचक! ते धो धो येत होते. जावयाने काढलेल्या आकडेवारीप्रमाणे लिफ्टमध्ये अडकून सासऱ्यांचं पान उघडणाऱ्यांपैकी शेकडा शहाण्णव लोक समाधानी होते आणि उरलेल्या चौघांची बॅटरी संपली होती.

सासरे सुरुवातीला धुसफुसले. मग जावयाने त्यांना फोनवर आलेख बघायला शिकवलं. वर जाणारी रेघ. आयुष्यभर माणसं वरखाली नेली, पण अशी एकदा वर गेलेली आणि वरच राहिलेली वस्तू सासरे प्रथमच बघत होते. त्यांना गोडी लागली. ते सकाळी चहाआधी रेघ बघू लागले. मग चहाऐवजी. पुढे तर लेखही स्वतःच लिहू लागले. एके दिवशी पलीकडच्या इमारतीचा व्यवस्थापक धापा टाकत वर्कशॉपमध्ये शिरला.

‘‘मिस्त्री, चला लवकर! लिफ्ट बंद पडलीय, आत दोन माणसं आहेत!’’

‘‘आत्ता नाही जमायचं, लेख चालू आहे,’’ सासरे मान वर न करता म्हणाले. ‘‘फोन आहे ना त्यांच्याकडे? तोवर वाचा म्हणावं.’’

आणि मग तो फोन आला. जावई नेहमीप्रमाणे खिडकीकडच्या टोकाला बसला होता.

‘‘जावईबापू, वर्कशॉप बंद केलं.’’

‘‘अहो, का? आपण पहिले आहोत ना!’’

‘‘म्हणूनच तर! इंजिनाला रोज ताजं लागतं, तुम्हीच म्हणता. तुम्ही तिकडे, मी इकडे, असं किती दिवस करायचं? मी येतोच राहायला. टेबलाला एक खुर्ची वाढवा.’’

जावयाने फोन ठेवला. त्याला रडू येत होतं, आणि रडावं तर गिऱ्हाइकाचं काम उत्तम झालेलं. इंजिन सासऱ्यांना ‘कायमचं बंद’ म्हणालं, तेव्हा सगळे म्हणत होते की चुकलं. इंजिन चुकलं नव्हतं. ते फक्त थोडं लवकर बोललं होतं.

सासरे आले ते एक ट्रंक, एक गुंडाळलेली गादी आणि अंगात तपकिरी स्वेटर असे आले. जावई खाली घ्यायला गेला. दोघे, ट्रंक आणि गादी लिफ्टमध्ये मावले, दार लागलं, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधोमध लिफ्टने एक आचका दिला आणि ती थांबली.

आयुष्यात पहिल्यांदाच जावयाने सासऱ्यांकडे प्रेमाने पाहिलं. ‘‘बाबा, काढा ना बाहेर.’’

‘‘आतून काही होत नसतं. ती वरून, मोटरच्या खोलीतून सोडवावी लागते,’’ सासरे म्हणाले. ‘‘आणि हत्यारं वाटून टाकली. आता मला कशाला लागतात?’’

आरडाओरडा ऐकून बायको चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी आली. ‘‘बाबा? काय झालं?’’

‘‘अगं, अडकलोय! मिस्त्री बोलाव!’’

‘‘मिस्त्री तुम्हीच ना?’’

‘‘दुसरा बोलाव!’’

तिने फोनवर मिस्त्री शोधला. नंतर तिचा वाचण्याचा आवाज. ‘‘लिफ्ट अडकली आहे? काळजी करू नका. माणसाला वर जाण्याची ओढ अनादी काळापासून... अरे, हे काय आहे?’’

‘‘खाली जा! नंबर खाली आहे!’’ जावई ओरडला.

ती खाली जात राहिली. जिन्याचा उगम ओलांडला, स्वतःच्या वडिलांचं बालपण ओलांडलं. मग लिफ्टमध्येच फोन वाजला. सासऱ्यांनी खिशातून काढून कानाला लावला. ‘‘हॅलो, बोला?’’

‘‘बाबा, हा तुमचाच नंबर आहे.’’

‘‘मग दुसरं पान उघड!’’ जावयाने हे शब्द धंद्यात आल्यापासून पहिल्यांदा उच्चारले, आणि त्याचा आवाज चिरकला.

‘‘उघडलं. इथे सगळ्यांच्या नावापुढे ‘कायमचं बंद’ आहे. परत तुमच्याच पानावर बघते, दुसरा एखादा नंबर असेल तर.’’ (या वेळी ते खरं होतं.)

जावई मटकन ट्रंकेवर बसला. एवढ्यात शेजारी टेकलेल्या सासऱ्यांनी त्याच्या बरगडीत कोपर मारलं. त्यांच्या फोनवर आलेख उघडा होता आणि चेहरा फुलला होता.

‘‘बघा बघा! आत्ता या क्षणी एक जण वाचतोय. थांबलाय हो!’’

‘‘बाबा, ती तुमची मुलगी आहे.’’

‘‘असेना का. सोडून तर गेली नाही ना?’’

जावयाला घाम फुटला होता, दिव्याची उघडझाप चालू होती, आणि तरीही त्याची नजर त्या रेघेवर गेलीच. रेघ वर चालली होती. ‘‘परत वर गेली ती,’’ तो पुटपुटला. ‘‘आता खाली येतेय. हिरवं बटण दाबलं. अहो, परत वर!’’

‘‘म्हणजे समाधानी,’’ सासरे म्हणाले आणि जावयासाठी ट्रंकेवर सरकून बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी दोघांचं आज पहिल्यांदा जमलं.

वरून बायको कडाडली, ‘‘मी हे बंद करते आणि जिन्याने खाली जाऊन कोणाला तरी विचारते!’’

‘‘नको!’’ लिफ्टमधून दोघे एका सुरात ओरडले. ‘‘पान बंद करू नकोस!’’

तर मग ते दोघे बाहेर कसे आले? हा प्रश्न अनेकांना पडतो. तुम्हालाही पडला, म्हणून तर तुम्ही जिना, स्वेटर आणि दंतवैद्य मुकाट्याने सोसत इथपर्यंत आलात. मधे एकदा वर जाऊन ‘शेवटी सविस्तर दिलं आहे’ हे वाक्य तिथे आहे ना, याची खात्रीही केलीत असेल. त्या सगळ्याची नोंद झालेली आहे. इथवर थांबलेला वाचक समाधानी धरला जातो, आणि समाधानी वाचकाला उत्तर द्यायची या धंद्यात पद्धत नाही.