आपोआप झालेलं वर्तुळ

मेहुणा सकाळपासून वाद घालत नव्हता, तेव्हाच मास्तरांना संशय आला. बायकोचा हा थोरला भाऊ, पूल बांधून निवृत्त झालेला इंजिनियर, आठवडाभर मुक्कामाला होता आणि दोघांचं रोज वाजत होतं. शाळेत जन्मभर उत्क्रांती शिकवलेले मास्तर म्हणायचे, सृष्टी आपोआप घडत गेली. मेहुण्याचं एकच पालुपद, रचना दिसली की रचणारा असतोच. आज संध्याकाळी वाचनालयात दोघांचा जाहीर वाद होता, आणि जिंकेल त्याला अभ्यासमंडळाचं अध्यक्षपद. ती खुर्ची इतकी वर्षं मास्तरांची होती. ती गेली तर आपलं ऐकणार कोण, या धास्तीनं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

पुरावा म्हणून त्यांनी डब्यात वाळू आणि खडे कालवले, पारदर्शक झाकण घट्ट लावलं आणि डबा चालू वॉशिंग मशीनवर ठेवला. हादऱ्यांनी मोठे खडे आपसूक वर येतात, कोणाचा हात लागावा लागत नाही. मग ते दाढीला बसले. परत येऊन झाकणातून बघतात तर खडे वर आले होते खरे, पण सुबक वर्तुळात, मधोमध एक पांढरा!

बायको बाजारात गेलेली. घरात उरलं कोण? मेहुणा पेपरात तोंड घालून बसला होता आणि त्याच्या नखांत वाळू होती.

"हे कोणी केलं?"

"म्हणजे कोणीतरी केलंय, असं म्हणणं आहे का तुमचं, भावोजी?"

आता आली का पंचाईत. हो म्हणावं तर खुर्ची गेली. मास्तर मान हलवत म्हणाले, "छे. आपोआप झालंय."

तेवढ्यात मशीनच्या साबणाच्या खणातून पाणी उसळलं आणि थेट बैठकीपर्यंत आलं. पिशव्या घेऊन दारात शिरलेल्या बायकोनं खण ओढला. आत वर्तुळातून उरलेले खडे आणि वाळू गच्च बसले होते. तिनं एकेकाकडे नीट निरखून बघितलं.

"हे खडे आत कोणी घातले?"

"अगं, हादऱ्यांनी घरंगळले असतील," मेहुणा घाईघाईनं म्हणाला. "मुद्दाम कोण कशाला घालेल?"

मास्तरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "हेच संध्याकाळी सभेत सांगा, दादा."

"खडे घरंगळले," मशीनवरच्या बंद डब्याकडे बोट दाखवत बायको सावकाश म्हणाली, "आणि डब्याचं झाकण आपोआप परत लागलं?"

तिनं ओल्या कपड्यांची बादली त्यांच्यापुढे आदळली.

"सभेला मी जाते. हे कपडे आपोआप धुतले जातात का, तेवढं तुम्ही बघत बसा."

संध्याकाळी ती अध्यक्ष होऊनच परतली. कपडे दोरीवर वाळत होते. ते कोणी धुतले, हे तिनं विचारलं नाही, आणि दोघांपैकी कोणी सांगितलंही नाही.