चहाला आलेली गाडी

ब्रेमहोल्म गावात रस्त्यावरच्या एखाद्या वाहनाकडे तुम्ही दुसऱ्यांदा वळून पाहिलंत, की ते संध्याकाळी तुमच्याकडे चहाला येई. पहिल्या नजरेचं काही नसे. नजरच ती, कुठंही जाते. दुसरी मात्र आमंत्रण समजली जाई. म्हणून त्या गावचे लोक रस्त्यानं सरळ समोर बघत चालत. नवख्या माणसाला ते शिष्ट वाटत. तसं काही नव्हतं. त्यांच्या घरातला चहा संपलेला असे, एवढंच.

हर्डीकरांच्या घरात मात्र सगळे दोनदा बघणारे. सलील तिथल्या पवनचक्क्यांच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याची बायको गार्गी, मुलगी मुक्ता आणि मिरजेहून राहायला आलेले आईवडील, म्हणजे कुमुदताई आणि अप्पा, असा संसार. अप्पांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि उरलेला वेळ गॅलरीत उभं राहून जाणारी-येणारी वाहनं पाहिली. आता परदेशात आल्यावर नव्या गाड्या दिसू लागल्या, तर हा माणूस एकदा बघून थांबणार होता थोडाच? गोल मिशांसारखे ब्रश लावलेली रस्ता झाडणारी गाडी, पुढच्या पेटीत तीन पोरं बसवलेली सायकल, मधोमध वाकणारी लांबलचक बस, असं काही दिसलं की अप्पा आणि मुक्ता दोघंही माना वळवत आणि कुमुदताई घरी आल्याआल्या आलं किसायला घेत.

वाहनं एकटीच येत. चालक तोवर आपापल्या घरी गेलेले असत. अंगणात उभं राहायचं, इंजिन बंद करायचं आणि गप्प बसायचं, एवढीच त्यांची अपेक्षा. कुमुदताई बॉनेटवर कपबशी ठेवत, मोठं वाहन असलं तर पातेलं. थोड्या वेळानं चहा संपलेला असे. कसा, ते कुणी विचारलं नाही. पाहुण्यानं चहा कसा प्यावा हे विचारायची रीत मिरजेतही नाही.

यातली पहिली पाहुणी होती रुग्णवाहिका. गावात येऊन थोडेच दिवस झाले होते आणि अप्पांच्या छातीत कळ आली. ती पिवळी गाडी धावत आली, अप्पांना घेऊन गेली, ऑपरेशन झालं आणि अप्पा चालत घरी आले. पुढं एकदा भाजी आणायला गेलेल्या कुमुदताईंना ती चौकात दिसली. त्यांनी पाहिलं, पुढं गेल्या, थांबल्या आणि मुद्दाम वळून पुन्हा पाहिलं. संध्याकाळी ती आली तेव्हा नारळाच्या वड्या तयार होत्या. कुमुदताईंनी तिला हळदकुंकू लावलं, तिच्या दारावरून हात फिरवला आणि "माझा माणूस परत आणलास बाई," एवढं म्हणून रडल्या. ती निघाली तेव्हा कुमुदताईंच्या तोंडातून शब्द फुटला नाही. ते किती बरं झालं, हे नंतर कळलं.

ते कळलं रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या गाडीमुळे. ती चहा पिऊन निघाली तेव्हा कुमुदताई सवयीनं म्हणाल्या, "या हं परत." मिरजेत त्यांच्या दारातून कुणीही हे ऐकल्याशिवाय गेलेलं नव्हतं. विजेचं मीटर बघायला येणारासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी परत आली आणि फाटकापासून अंगणातून, उंबऱ्यावरून, थेट स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत सरळ पांढरा पट्टा मारून गेली. चौकशी केल्यावर नगरपालिकेच्या आतिथ्य खात्यातल्या ब्रिगिटाबाईंनी समजावलं, की इथं नजरेच्या आमंत्रणावरून वाहन येतं ते पाहुणं म्हणून. परत बोलावलं तर ते त्याचं नेहमीचं काम करायला येतं. उगीच रिकाम्या हातानं दुसऱ्यांदा जाणं इथल्या वाहनांना प्रशस्त वाटत नाही.

सलीलनं त्या संध्याकाळी आईला समोर बसवून बजावलं, की काहीही बोल, पण परत या म्हणू नकोस. कुमुदताईंनी कानाला खडा लावला. पट्टा तसाच राहिला. त्याच्या या बाजूला त्या पोळपाट ठेवत आणि त्या बाजूला पिठाचा डबा.

असे दिवस चांगले चालले होते. अप्पांचा चेहरा भरला होता. ते सकाळी मुक्ताला शाळेत सोडत आणि येताना काय काय दिसलं ते सांगत. कुमुदताई रोज देवापुढं दिवा लावताना देवाचे, डॉक्टरांचे आणि पिवळ्या गाडीचे असे क्रमानं आभार मानत. एकाच गोष्टीची त्यांना धास्ती होती, आणि तिच्याबद्दल त्या घरात बोलत नसत. गावात एक शववाहिनी होती. ती समोरून आली की कुमुदताई पदर सारखा करायच्या निमित्तानं खाली बघत.

आणि शेवटी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं ते त्यांनीच.

झालं असं, की त्या पावाच्या दुकानातून बाहेर पडल्या आणि समोर एक लांब काळी गाडी उभी दिसली. तिच्या लाकडी बाजूंवर वेलबुट्टी कोरलेली होती. पान, कळी, पान, कळी. कुमुदताईंच्या आई दारात रांगोळी काढायच्या, तिची कड हुबेहूब अशीच असायची. ही कोरीव वेल इतक्या दूरदेशी कुठून आली, म्हणून त्यांनी वळून पुन्हा पाहिलं. मग काचेआड काय असतं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि हातातला पाव गार पडला.

घरी येऊन त्यांनी गार्गीला सांगितलं. गार्गी शांत मुलगी. तिनं आतिथ्य खात्याला फोन लावला. तिकडून कळलं, की आलेल्या वाहनाला चहा मिळाला नाही तर ते मिळेपर्यंत दारात उभं राहतं. तेव्हा आढेवेढे न घेता चहा दिलेला बरा.

संध्याकाळी ती आली. फाटकातून आत यायलाही बिचकत होती. दिवे मंद करून ती अंगणाच्या कडेला, दारापासून लांब उभी राहिली. कुमुदताईंनी अप्पांना आत बसायला सांगितलं, पण अप्पा शाल घेऊन बाहेर आलेसुद्धा होते. त्यांनी मुक्ताला वेलीतली एकेक कळी दाखवली. लाकडावर हात फिरवून म्हणाले, "काय देखणं काम आहे. एवढ्या सुंदर गाडीला कुणी नीट बघतही नसेल." कुमुदताईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तरी पाहुणी ती पाहुणी. त्यांनी चहात वेलदोडा घातला. कप बॉनेटवर ठेवला, तर तो इतक्या हळूहळू रिकामा झाला, की कुणीतरी घोट पुरवून पुरवून घेत असावं. कुमुदताईंना काय वाटलं कोण जाणे. त्या आत गेल्या आणि आणखी अर्धा कप आणि दोन चकल्या घेऊन आल्या. अंधारून आल्यावर गाडी निघाली. फाटकाशी जरा थांबली, माणूस चप्पल घालताना थांबतं तशी. आणि कुमुदताई म्हणाल्या, "या हं परत."

गाडीनं एकदा दिवा मिचकावला. त्या गावात एकदा म्हणजे होकार आणि दोनदा म्हणजे आत्ता जमायचं नाही. सलील पायरीवर बसला. अप्पा म्हणाले, "थंडी पडलीय, आत चला," आणि आत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसले. ते उलटं धरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिगिटाबाई आल्या. काळी गाडी कोपऱ्यावर उभी होती. बाईंना मराठी येत नव्हतं आणि कुमुदताईंना तिथली भाषा, म्हणून मध्ये गार्गी बसली. बाई म्हणाल्या, की आमंत्रण स्वीकारलं गेलं आहे, फक्त कधी यायचं ते ठरलेलं नाही. कुमुदताईंनी आमंत्रण मागं घेता येईल का, असं विचारलं. बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, की नियमात बसत नाही, पण नियम सोडा. या गाडीच्या सबंध नोकरीत तिच्याकडे दुसऱ्यांदा कुणी पाहिलेलं नाही. काल ती पहिल्यांदा कुणाच्या घरी गेली होती. रात्री गॅरेजमध्ये बाकीच्या गाड्यांनी विचारलं, तेव्हा तिनं परत बोलावल्याचं सांगितलं. आता तिला नको कसं म्हणायचं?

कुमुदताईंनाही ते बरं वाटेना. पाहुण्याला येऊ नका म्हणणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्या बराच वेळ पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "गार्गी, बाईंना विचार, आमंत्रण माझ्या नावानं लावता येईल का? येऊ दे तिला. पण माझ्यासाठी."

आतल्या खोलीत वर्तमानपत्र खाली पडल्याचा आवाज आला. अप्पा दारात येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. "काहीतरीच काय बोलतेस," एवढंच ते म्हणाले.

ब्रिगिटाबाईंनी सौम्यपणे सांगितलं, की आमंत्रण घराचं असतं, माणसाचं नसतं. त्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की कुमुदताईंच्या गावी हे वाक्य म्हटल्यावर लोक कधी येतात.

"कधी म्हणजे?" कुमुदताई म्हणाल्या. "सवडीनं येतात."

गार्गीनं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, की मग काही अडचणच नाही, गाडीला रोज संध्याकाळी सहानंतर सवड असते.

"ती सवड नव्हे," कुमुदताई घाईनं म्हणाल्या. "तो रिकामा वेळ. रिकाम्या वेळात माणूस चहा पिऊन जातं. सवड वेगळी. हातातलं काम उरकलेलं असतं, मागं कसली हुरहूर नसते, पुढं कुठं जायचं नसतं. घड्याळाकडे बघायचं सुचत नाही, तेव्हा सवड."

बाईंनी विचारलं, की अशी सवड कुणाला मिळालेली त्यांनी पाहिली आहे का. कुमुदताईंनी खरं ते सांगितलं. त्यांची मावसबहीण सिंधू मिरजेत त्यांच्याच आळीत दोन घरं सोडून राहते. लग्न होऊन त्या आळीत गेल्यापासून दोघी एकमेकींना "सवडीनं ये गं" म्हणत आल्या. लग्नामुंजीत भेटतात, बाजारात भेटतात, प्रत्येक वेळी म्हणतात. आता सिंधूच्या सुनेलाही सून आली. सिंधू अजून निवांत अशी आलेली नाही.

"आणि त्याचा राग येत नाही?" बाईंनी विचारलं.

"राग कशाचा? बोलावणं तर आहेच ना."

ब्रिगिटाबाईंनी यावर पुष्कळ विचार केला. मग म्हणाल्या, की अशा आमंत्रणाला त्यांच्या खात्याची हरकत दिसत नाही. पण काल तो शब्द उच्चारला गेला नव्हता. कुमुदताई म्हणाल्या, तो उच्चारावा लागत नाही, आमच्याकडे आपोआप धरतात. बाई म्हणाल्या, ब्रेमहोल्ममध्ये आपोआप काहीच धरत नाहीत. पाहुण्याला समोरासमोर सांगावं लागेल, आणि पाहुण्यानं मान्य केलं तरच.

कुमुदताई उठल्या. चपला घातल्या, पदर खोचला आणि कोपऱ्यापर्यंत एकट्या चालत गेल्या. गार्गीला त्यांनी बरोबर येऊ दिलं नाही. बोलावणं त्यांनी केलं होतं, तेव्हा सांगणंही त्यांनाच भाग होतं. गाडी धुऊन आली होती. पुढच्या फटीत कालची एक चकली तिनं तशीच ठेवलेली त्यांना दिसली. त्यांचा आवाज नेहमीचा निघाला.

"काल म्हटलं ते खरंच म्हटलं," त्या म्हणाल्या. "तोंडदेखलं नव्हतं. पण तुम्ही कामाची माणसं. आमच्यासाठी धावपळ करू नका. आधी सगळी कामं उरका. मनात काही राहू देऊ नका. मग एखाद्या दिवशी अगदी सवडीनं या. आणि आलात की आधी चहा होईल, मग पोहे होतील, मग जेवून जायचं. त्याच्या आधी निघायचं नाव काढायचं नाही."

गाडीचे वायपर एकदा कोरड्या काचेवरून फिरले. मग दिवा मिचकावला, एकदा. कुमुदताईंनी तिच्या लाकडी वेलीला हात लावून नमस्कार केला. घरी आल्यावर त्यांनी ब्रिगिटाबाईंना चहा दिला आणि निघताना त्यांना परत या म्हटलं. बाईंनी तारीख विचारली नाही.

तेव्हापासून ती गाडी कामावर जाताना हर्डीकरांच्या घरावरून जाऊ लागली. फाटकाशी आली की वेग कमी करते. अप्पा अंगणात वाहनं बघत उभे असतात. ते हात वर करतात. कुमुदताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओणवून विचारतात, "काय, कामात का?"

गाडी दोनदा दिवा मिचकावते आणि पुढं जाते. कुमुदताई तिच्या पाठीला हात जोडतात, देवाचे, डॉक्टरांचे, पिवळ्या गाडीचे आणि आता हिचेही आभार मानतात आणि गॅस बारीक करतात.

"अहो," त्या हाक मारतात, "आत या, चहा निवतोय."

आणि अप्पा आत येतात.