अडीचची गर्दी

ऑफिसात त्याला सगळे 'वेधशाळा' म्हणत. त्याचं कामच तसं होतं. आज वेबसाइटवर किती माणसं येणार याचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे सर्व्हर वाढवायचे, कमी करायचे. कंपनी लग्नं जुळवायची. सर्व्हर तिचे स्वतःचे नव्हते, क्लाउडवर भाड्याने घेतलेले होते. भाड्याच्या खुर्च्यांसारखंच ते. गर्दी दिसली की जास्त मागवायच्या, ओसरली की परत करायच्या. हे सगळं आपोआप व्हावं म्हणून तो वेळापत्रक लावून ठेवी.

लग्नं जुळवणाऱ्या कंपनीत इतकी वर्षं काढूनही त्याने एका माणसाचं प्रोफाइल कधी उघडून पाहिलं नव्हतं. त्याच्या पडद्यावर माणसं नसतच. फक्त एक रेघ असे, वरखाली होणारी. बायको होती तेव्हा ती चिडवायची, "जगाचे संसार मांडतोस आणि घरी स्वतःचं ताट उचलत नाहीस." एकदा तिने त्याचा लॅपटॉप ओल्या फडक्याने लख्ख पुसून काढला होता आणि नंतर अख्खा दिवस तो सुरूच झाला नव्हता. तेव्हापासून घरात एक नियम होता: मशीनला तिने हात लावायचा नाही. ती गेली त्याला आता वर्ष झालं. नियम तसाच होता, मोडायला कोणी नव्हतं.

गेल्या महिन्यापासून ती रेघ रोज दुपारी अडीचला ताडकन वर जाऊ लागली. वेबसाइट रखडू लागली. त्याने वेळापत्रकात एक ओळ वाढवली: सव्वादोन वाजता सर्व्हर दुप्पट. दोन दिवस बरे गेले आणि गर्दीही दुप्पट झाली. त्याने सर्व्हर आणखी वाढवले. गर्दी आणखी वाढली. तो अंथरूण वाढवत होता आणि गर्दी पाय पसरत होती.

मॅनेजरबाई खूश होत्या. "अहो वेधशाळा, पण अडीचलाच का?"

तो एरवी बोलत नसे. त्या दिवशी कोण जाणे कसा, बोलून गेला. "जेवण झालेलं असतं. काम लगेच सुरू करावंसं वाटत नाही. अशा वेळी माणसाला वाटतं, कोणाला तरी फोन करावा. ज्यांना करायला कोणी नाही, ते इथे येतात."

मॅनेजरबाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वतः रोज अडीचला घरी फोन करून फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारायचा, हे त्याने सांगितलं नाही. तरीही जागेवर परतताना आपण ऑफिसात शर्ट काढून उभे राहिलो होतो असं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंगच्या खोलीत मालक आले. समोरच्या भिंतीवर त्याचंच वाक्य मोठ्या अक्षरांत झळकत होतं. मॅनेजरबाईंनी खाली त्याचं नावही टाकलं होतं. त्याने मान खाली घातली.

"वा!" मालक म्हणाले. "एवढी वर्षं धंदा करतोय, पण हे कोणी मला सांगितलं नव्हतं. आता मला एक सांगा, ही एकटी माणसं इथे येऊन बघतात तरी काय?"

"ते... मी पाहिलं नाही, सर."

"मग बघू या की. अडीच वाजतच आलेत."

त्याने लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. रेघ नेमाने वर गेली. मालकांनी टाळी वाजवली. त्याने गर्दीचा माग काढला आणि कपाळाला आठी पडली. "सगळे एकच पान उघडताहेत, सर."

"कोणाचं?"

"इथे फक्त नंबर दिसतो."

"अहो, मग उघडा ना नंबर! कोण मदनाचा पुतळा आहे ते कळू दे तरी."

त्याने उघडलं. भिंतभर तो स्वतः हसत होता.

मदनाच्या पुतळ्याला घाम फुटला. फोटोखाली लिहिलं होतं: 'स्वभाव हसतमुख. छंद फिरणे, गाणी, उत्तम स्वयंपाक.' वयातून कोणीतरी सहा-सात वर्षं परस्पर वजा केली होती. स्वयंपाकात त्याला पाणी उकळता येई, तेही लक्ष असेल तर. पण त्याची नजर यातल्या कशावरच नव्हती. फोटो एका बाजूने कापलेला होता. शेजारी उभं असलेलं माणूस गेलं होतं, त्याचा हात मात्र याच्या खांद्यावर तसाच राहिला होता. मनगटापर्यंत. दोन बांगड्यांसकट.

"सर, हे मी केलेलं नाही," तो म्हणाला. चोर जसा म्हणतो तसंच ते वाटलं.

"अगंबाई!" कोपऱ्यात बसलेली, ग्राहकांचे फोन घेणारी हेल्पलाइनवाली एकदम तोंडावर हात ठेवून म्हणाली. "दादा, तुमच्या मोठ्या बहिणीचा का हो तो फोन? भावाचं प्रोफाइल कोणी बघत नाही म्हणून मला रागावत होत्या. मी म्हटलं, ताई, जे जास्त उघडलं जातं ते वर येतं. मग त्या म्हणाल्या, बरं, आमच्या व्यायामाच्या वर्गात बायका काही कमी नाहीत!"

आता त्याला सगळं दिसू लागलं आणि न दिसतं तर बरं झालं असतं. ताईच्या मैत्रिणी पान उघडत होत्या. ते वर आलं होतं. वर आलेल्या पानाची खबर वेबसाइट रोज अडीचला बायकांना पाठवायची: 'आज सगळ्या यांना पाहत आहेत.' आणि खबर किती जणींना पाठवायची, हे सर्व्हर किती मोकळे आहेत त्यावर ठरायचं.

"म्हणजे मोकळी जागा..." मॅनेजरबाई हळूच म्हणाल्या.

"मीच करून देत होतो."

"स्वतःच्याच..."

"हो."

मालकांनी भिंतीकडे बोट केलं. "म्हणजे वेधशाळेनेच पाऊस पाडला म्हणा की!"

सगळे हसले. तोही हसला. हसला नसता तर आणखी वाईट दिसलं असतं. मग तो उठून जिन्यात गेला आणि त्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, तू माझं लग्न लावायला निघालीस? ते पण माझ्याच ऑफिसात?"

"मग कुठे निघू? घरचं दुकान सोडून कोण बाहेर जातं?"

"मला विचारायचं तरी!"

"तुला? तुला जेवलास का विचारलं तर दुसऱ्या दिवशी उत्तर येतं."

"आणि तिला फोटोतून कापलंस?"

पलीकडे ताईचा आवाज खाली आला. ताईचा आवाज खाली येणं ही तशी बातमीच होती. मग ती म्हणाली, "अरे, तुझे सगळे फोटो काढून बसले होते. तू हसतोयस असा एकही नाही, ती शेजारी नसलेला. मी काय करू? हात कापायला गेले तर तुझा खांदाच जात होता."

त्याने फोन खिशात टाकला.

तो परत आला तेव्हा मालक उठण्याच्या बेतात होते. "काढून टाका ते प्रोफाइल. विषय संपला."

"नाही काढता येत, सर," हेल्पलाइनवाली म्हणाली. "आलेल्या प्रत्येक निरोपाला उत्तर दिल्याशिवाय पान बंद होत नाही. तुमचाच नियम."

"मग द्या उत्तरं. काय लिहितात बायका?"

तिने निरोप उघडले. एक वाचला, दुसरा वाचला, भराभरा खाली गेली. "सगळ्या एकच विचारताहेत." तिने त्याच्याकडे पाहणं टाळलं. "खांद्यावरचा हात कोणाचा आहे?"

त्यासाठी एवढी गर्दी होती. त्याच्या हसण्याला, स्वयंपाकाला कोणी भुललं नव्हतं. त्याला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. सगळ्यांसमोर उभ्या उभ्या त्याने उत्तर लिहिलं. सगळ्यांना एकच.

'हात माझ्या बायकोचा आहे. ती मागच्या वर्षी गेली. हे पान माझ्या बहिणीने मला न विचारता टाकलं. माझं वय खोटं आहे आणि मला स्वयंपाक येत नाही. तुम्हाला त्रास झाला, माफ करा.'

लगेच जाईल तेवढं बरं होतं, पण निरोपांची पाठवणी रोज अडीचलाच होई. उत्तर दुसऱ्या दिवशीच्या रांगेत जाऊन बसलं. संध्याकाळी घरी जाण्याआधी त्याने वेळापत्रकातल्या, आपण वाढवलेल्या सगळ्या ओळी खोडल्या. आता कोण येणार होतं? ज्याचं त्याला उत्तर मिळालं की माणूस आपल्या कामाला लागतो. हाही त्याचा अंदाजच होता.

दुसऱ्या दिवशी अडीचला उत्तर गेलं. रेघ उभीच्या उभी वर चढली, पडद्याच्या टोकाला टेकली आणि नाहीशी झाली. वेबसाइट आडवी. हेल्पलाइनचे फोन एकाच वेळी घणघणू लागले.

"दादा, त्याच बायका आहेत!" हेल्पलाइनवाली फोनवर हात धरून ओरडली. "लग्नाचं कोणीच बोलत नाही. एक म्हणते तिच्या नवऱ्याचा चष्मा अजून टेबलावरच आहे. आता एक आजी आहेत, विचारताहेत, त्या बांगड्या तुम्ही ठेवल्यात ना जपून?"

तो उभा राहिला. कान तापले होते. काल खोलीपुरती असलेली लाज आज गावभर झाली होती. त्याची बोटं सर्व्हर वाढवायला निघाली आणि मध्येच थांबली. ओल्या फडक्याचा तो दिवस त्याला आठवला. अडीच वाजून गेले होते आणि वर्षभरात पहिल्यांदाच फोन कोणाला करावा हा प्रश्न पडला नव्हता.

मॅनेजरबाई धावत आल्या. मागून मालकही. "अहो वेधशाळा, सगळं बंद पडलंय! कालपर्यंत धडाक्यात चालू होतं! सिस्टिमला हात कोणी लावला?"

"माझ्या बायकोने," तो म्हणाला आणि सर्व्हर दुप्पट केले.