पुढच्या बाकावरची झोप

साहेब निवृत्त झाले आणि त्यांची झोप उडाली. निवृत्तीनंतर माणूस निवांत झोपतो असं लोक म्हणतात, पण साहेब नोकरीभरच निवांत झोपले होते. आढावा बैठक असो की समन्वय बैठक, हनुवटीला तळहाताचा टेकू देऊन, समोर कागद पसरून ते अशा शिस्तीत झोप काढत, की नवख्यांना वाटे साहेब विचारात गढलेत. या विचारीपणावर त्यांना बढत्याही मिळाल्या. आता घरात मऊ गादी होती, पंखा होता, शांतता होती. बैठक तेवढी नव्हती, त्यामुळे डोळ्याला डोळा लागत नव्हता.

त्यातून साहेबांना एकट्याने जागायचा कंटाळा. बायकोचा डोळा लागला रे लागला की ते हळूच विचारायचे, "झोपलीस का?" ती दचकून "हो" म्हणाली की त्यांना हायसं वाटायचं, कारण आता बोलायला सोबत झालेली असायची. थोड्याच दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. डॉक्टरांनी दोघांना तपासलं आणि साहेब ठणठणीत आहेत, बाईंनी मात्र जपायला हवं, असा निर्वाळा दिला.

उपाय अखेर तिनेच शोधला. विद्यापीठात प्रौढांसाठी संध्याकाळचे छोटे अभ्यासक्रम चालत, त्यांची जाहिरात तिने साहेबांपुढे ठेवली.

"समोर उभं राहून कोणी बोलत असलं की तुम्हाला झोप लागते," ती म्हणाली. "माझं बोलणं तुम्ही ऐकतच नाही, नाहीतर घरच्या घरी भागलं असतं."

साहेबांनी आधी छायाचित्रणाचा वर्ग धरला. तिथे घडीघडी डोळ्यांवर लखकन उजेड पडायचा. मग वक्तृत्वाचा धरला, तर तिथे स्वतःलाच उठून बोलावं लागायचं. तिसऱ्या खेपेला 'मृदापरिचय' हाती लागला आणि साहेबांचं भाग्य उघडलं. या वर्गाच्या प्राध्यापकांचा मातीवर भारी जीव. आवाज संथ, एका पट्टीतला, आणि वाक्य एकदा सुरू झालं की त्याला परतीची वाट ठाऊक नसायची. गाळाच्या मातीवरून ते चिकणमातीवर येईपर्यंत साहेब कुठल्या कुठे पोचलेले असत.

आवाज जिथे सर्वांत दाट लागतो तो पुढचा मधला बाक साहेबांनी कायमचा धरला. एवढी झोप पदरात पडल्यावर रात्रीही ते मुकाट पडून राहू लागले. इकडे ते वर्गात असेपर्यंत बायकोही घरात दार लावून गाढ झोपायची. संसार रुळावर आला. प्राध्यापकही खूश होते, कारण डोळे मिटून, तल्लीन होऊन ऐकणारा विद्यार्थी त्यांना आयुष्यात प्रथमच भेटला होता.

पण सूचनाफलकावर कागद लागला: विद्यार्थी वाढले नाहीत तर मृदापरिचय बंद.  साहेबांनी ओळखीतले सगळे निद्रानाशी हुडकून काढले. कर्जात बुडालेला मेहुणा आला, रात्रपाळीने घड्याळ बिघडलेली परिचारिका आली, शेजारचे हिशेबतपासनीस आले. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना. वर्ग ओसंडून वाहू लागला. कोणी मानेखालची उशी आणी, कोणी शाल. साहेबांनी जुन्या अधिकाराने बैठकव्यवस्था ठरवून दिली. घोरणारे मागे, बरळणारे खिडकीशी, आणि मेहुणा दोन्ही करत असल्यामुळे दाराबाहेरच्या खुर्चीत.

विद्यापीठाचे डोळे दिपले. भरगच्च वर्ग, हजेरी पूर्ण, प्रश्न नाही, तक्रार नाही. असा वर्ग त्यांनी पाहिला नव्हता. कुलगुरूंनी प्राध्यापकांना शाल दिली आणि बक्षीस म्हणून 'परिणामकारक अध्यापन' नावाच्या छोट्या अभ्यासक्रमाला धाडलं. चांगलं चाललेलं काही दिसलं की त्यात सुधारणा केल्याशिवाय वरच्यांना राहवत नाही.

प्राध्यापक परत आले ते ओळखू येईनात. हातात ध्वनिक्षेपक, मागे संगीत, भिंतीवर हलती चित्रं. आल्या आल्या त्यांनी सर्वांना उठवून टाळ्या वाजवायला लावल्या. मग ओल्या मातीची भांडी हातोहात फिरली. गट पडले, प्रश्न सुटले. मेहुण्याला आत बोलावून चिकणमातीची भूमिका करायला लावली आणि परिचारिकेने पाणी होऊन त्याच्यात मुरायचा प्रयत्न केला. वर्ग टक्क जागा. हिशेबतपासनिसांना त्या दिवशी मातीतले तीन घटक समजले आणि ते घाबरून घरी गेले.

साहेब तडक कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने शांतपणे लेखणी उघडली. "तक्रार नेमकी काय लिहू?"

"शिकवायला लागलेत," साहेब म्हणाले.

कारकुनाने लेखणी मिटली.

महिना उलटायच्या आत वर्ग रिकामा झाला. साहेब पुन्हा रात्रभर "झोपलीस का?" विचारू लागले. बायको तर आता भाजी चिरता चिरता पेंगू लागली होती. एक दिवस बोटावर निभावलं तेव्हा ती रडलीच. साहेबांना फार वाईट वाटलं. ते कितीतरी वेळ तिला आपल्याला किती वाईट वाटतंय ते सांगत बसले.

अशातच एका दुपारी प्राध्यापक स्वतः दारात उभे राहिले. गालफडं बसलेली, डोळे लाल.

"खरं सांगा," खुर्चीत बसताच ते म्हणाले, "माझं काय चुकलं? उद्या वर्गाला काय नवीन करून दाखवायचं या काळजीने माझी झोप गेलीय. सोंगं करतो, नाचतो, तरी माणसं येत नाहीत."

बायकोने पाणी आणलं आणि ती तिथेच स्टुलावर टेकली. साहेबांना कंठ फुटला. इतक्या वर्षांत सल्ला मागायला कोणी आलं नव्हतं. त्यांनी अध्यापनाची त्रिसूत्री सांगितली, तिचे पोटभाग सांगितले, मग बैठकीचं इतिवृत्त आणि व्याख्यान यांतलं साम्य घेतलं, मग भेद घेतला. आवाज कुठे चढवू नये, हे त्यांनी कुठेही आवाज न चढवता समजावलं. वर्ग जागा झाला की गमावला, या मुख्य मुद्द्याशी ते येतच होते, तेवढ्यात खुर्चीतून खर्रकन घोरणं ऐकू आलं.

साहेब थांबले. प्राध्यापकांची मान छातीवर पडली होती. साहेबांना तो अपमान भलताच झोंबला.

"बघ, बघ जरा," ते बायकोकडे वळून म्हणाले. "इथे मी पोटतिडकीने बोलतोय आणि हा माणूस चक्क झोपतो? काही रीतभात?"

बायकोने भिंतीला टेकलेलं डोकं उचललं आणि जड पापण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"थांबलात कशाला?" ती म्हणाली. "माझाही डोळा लागत होता."