सरपंचांचं कुंपण

"पाहत राहा तुमी," हिंमतराव पारावर मांडी ठोकून म्हणाले, "पाच वर्षांत या गायरानात भर दुपारी कंदील घेऊन फिरा लागन. एवढं दाट रान करतो."

राज्य नवं होतं, सरपंच हा शब्द त्याहून नवा होता, आणि हिंमतरावांचा फेटा दोन्हींपेक्षा कडक होता. उंद्री गावाच्या अलीकडलं ते गायरान म्हणजे न्हाव्यानं घाईत उरकलेलं डोकं. कुठं चार कुसळं, कुठं दगड, बाकी नुसती टाळू. तिथं आता वनमहोत्सव होणार होता आणि पहिलं रोप लावायला बुलढाण्याहून जंगलखात्याचे साहेब जीपनं येणार होते.

घरी जनकाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या जात्याशी होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "एवढ्या झाडाईले पाणी कोन घालन? एका लिंबाले घालता घालता माही कंबर मोडली."

लिंब म्हणजे त्यांच्या वावराच्या बांधावरचा कडुलिंब. त्याच्याखाली कौशी निजली होती. दात यायच्या आतच गेली ती. तिला पुरून झाल्यावर हिंमतरावांनी आपल्या हातानं तिच्या उशाशी काडीएवढं रोप लावलं आणि मागं वळून न पाहता घर गाठलं. पुढं पाणी घातलं ते जनकाबाईंनी. आता त्याची सावली अर्ध्या वावराला पुरायची. दुसरं लेकरू झालं नाही. जात्यावर बसल्या की जनकाबाईंच्या ओठी एकच ओवी यायची:

बांधावरल्या लिंबा, तुले पाणी घालते दुरून,
लेक माही निजली खाली, ठेव पानानं झाकून.

हिंमतरावांना ती ओवी ऐकवत नसे. ते उठून पारावर जात. त्या दिवशीही गेले.

रोपं गाडीभर आली. संध्याकाळी ती गायरानात उतरवली आणि सकाळी पाहतात तर निम्मी गायब. किसनरावांच्या शेळ्यांनी वनमहोत्सव आदल्या दिवशीच उरकला होता. उरलेली रोपं बिचारी शेंडा गेल्यामुळं टोपी हरवलेल्या पाहुण्यासारखी ओशाळून उभी होती.

"कुंपण पाह्यजे, भाऊ," उकंडराव म्हणाला. गावात कुऱ्हाड धरावी ती उकंडरावानंच. सांगितलेलं काम तो अर्धं सोडत नसे, हाच त्याचा गुण आणि हीच गावाची भीती. "एकेका रोपाले बाभळीच्या काट्याचं गोल कुंपण."

"कर मंग."

नाल्याकाठच्या बाभळी पडल्या. काट्या कमी पडल्या. उकंडराव पुन्हा आला तेव्हा हिंमतराव दाढी करवत होते आणि साबणाच्या तोंडानं साहेबांपुढचं भाषण पाठ करत होते.

"भाऊ, तुमच्या बांधावरची बाभूळ घेऊ का?"

"हूं," हिंमतराव म्हणाले आणि 'वृक्ष हे आपले मित्र आहेत' या वाक्यावर परत गेले.

बाभूळ गेली. मग मांडवाला डांबं पाहिजेत म्हणून पळसं गेली. तोरणाला आंब्याच्या डहाळ्या गेल्या. जीप वळणार कशी, म्हणून वळणावरची बोर गेली. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना पहिल्यांदाच थेट पलीकडच्या गावाची वेस दिसू लागली, तेव्हा एकजण म्हणाला, "रान वाढून राह्यलं हो सरपंचाचं."

महोत्सवाच्या सकाळी नवी अडचण. गावजेवणाला रोडगे आणि वांग्याची भाजी ठरलेली, आणि गोवऱ्या सगळ्या ओल्या. हिंमतराव साहेबांना आणायला फाट्यावर निघाले होते. उकंडराव आडवा आला.

"भाऊ, चुलीले लाकूड कुठून आनू?"

"माह्या बांधावरचं झाड तोड."

उकंडराव थबकला. "बांधावरचं?"

"हाव, बांधावरचं."

"भाऊ, घरात इचारलं का तुमी?"

"अरे, जीप येऊन राह्यली अन् तू मले पुसत बसला! गावाच्या कामाले झाड देतो, त्यात घरात काय इचाराचं? तोड म्हणलं ना."

हिंमतरावांच्या डोळ्यांपुढं बाभूळ होती. ती बाभूळ आदल्या दिवशीच रोपांभोवती गोल बसली होती, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

मांडवात साहेब बोलायला उभे राहिले. बोलले सोपं. "झाड कशाचं बनतं? मातीचं नव्हे, बरंचसं हवेचं. हवेतला कर्ब झाड पानांनी ओढून घेतं. त्याचंच खोड होतं, त्याचीच साल होते. साऱ्या जगातली जंगलं असा कर्ब पोटाशी धरून उभी आहेत. झाड जाळलं, की जन्मभर धरून ठेवलेलं एका दुपारी सुटून जातं..."

इथं साहेबांना ठसका लागला. मांडवामागच्या चुलींतून धुराचा लोट आत आला. ओलं लाकूड, त्यावर रॉकेल. क्षणात व्यासपीठ दिसेना. माणसं खोकू लागली. कोणीतरी अंदाजानं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी डोळे पुसत पहिलं रोप लावलं ते खड्ड्याच्या शेजारी.

हिंमतराव हसणार होते. पण तो धूर जिभेवर कडू लागला.

'लिंब कोणी जाळला?' त्यांच्या मनात आलं, आणि नेमका तेव्हाच उकंडराव उभा राहिला. आयुष्यात तो चारचौघांत बोलला नव्हता. डोळे त्याचे सकाळपासूनच लाल होते.

"साहेब, तुमी झाडाचं सांगतलं. पन आमच्या सरपंचाचं काळीज पाहा. पोटच्या पोरीच्या उशाचा लिंब यायनं आज गावाच्या चुलीले देल्ला. मी दोनदा इचारलं. तोड म्हणले. घाव घालताना माहा हात कापला, पन यायचा शब्द नाई कापला."

मांडव गहिवरला. साहेबांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून हिंमतरावांच्या गळ्यात घातला. 'अशी माणसं हवीत,' असं काहीसं म्हणाले. हिंमतरावांनी तोंड उघडलं, पण आत फक्त धूर गेला. डोळ्यांना धार लागली. ती धुराची आहे असं समजून कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला.

बायकांच्या बाजूला सगळ्यांनी नाकाला पदर लावला होता. जनकाबाईंनी लावला नव्हता. त्या ताठ बसून तो धूर सावकाश आत ओढत होत्या.

रोडगे करपले. कडू झालेली भाजी गावानं सरपंचांच्या मानाखातर खाल्ली.

घरी आल्यावर हिंमतरावांनी हार खुंटीला लावला, परत काढला, कुठं ठेवावा ते कळेना.

"मी बाभूळ म्हणलो वं," ते म्हणाले.

"बाभूळ त काल गेली."

"इसरलो."

जनकाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "बाभूळ इसरले का कौशी?"

त्या दिवसापासून जातं मुकं झालं. पीठ पडायचं, ओवी पडायची नाही. हिंमतराव आता पारावर जात नसत. उंबऱ्यात बसून नुसती घरघर ऐकत.

थंडी पडली तशी गायरानातली वाळलेली कुंपणं एकेक करून गावाच्या चुलीत गेली आणि कुंपणामागची रोपं किसनरावांच्या शेळ्यांत. एक तेवढं जनकाबाईंनी आधीच उपसून आणलं होतं, साहेबांनी खड्ड्याशेजारी लावलेलं. कडुलिंबच निघाला. बुंध्याच्या कडेला, कौशीच्या उशाशी, त्यांनी तो लावला आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी आपणहून बोलल्या.

"याले कुंपण पाह्यजे."

हिंमतराव कुऱ्हाड घेऊन निघाले. नाला हिंडले, वेस हिंडले, वळणापर्यंत जाऊन आले. काटा म्हणून कुठं उरला नव्हता. परत आले, कुऱ्हाड ठेवली, काठी घेतली आणि रोपाजवळ बसले.

दुपारी किसनराव शेळ्या घेऊन बांधावरून चालले. "काय हो सरपंच, उन्हात काऊन बसले?"

"कुंपण हाओ मी," हिंमतराव म्हणाले. "शेळ्या तिकून ने."

"अन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात बी."

"मंग सावलीत तरी बसा."

हिंमतरावांनी आजूबाजूला पाहिलं. रोपाची सावली त्यांच्या पायाच्या अंगठ्याएवढी होती. त्यांनी वहाण काढली आणि अंगठा सावलीत ठेवला.